आधी नावानं हाक

नानांच्या खुर्चीत बसलेला माणूस अर्धी दाढी होईपर्यंत झोपून जायचा. एका गालावर साबणाचा फेस, दुसरा गाल गुळगुळीत, मान मागे टाकलेली आणि बारीक घोरणं चाललेलं. नाना वस्तरा बाजूला ठेवून थांबायचे. बाकावर ताटकळलेली माणसं म्हणायची, "नाना, उठवा की त्याला. आमाला रानात जायाचंय." त्यावर नानांचं उत्तर ठरलेलं. "झोपंतल्या माणसावर मी वस्तरा धरत न्हाई. आन् आलेली झोप मोडनारा मी कोन?"

नाना म्हणजे माझे यजमान. गाव त्यांना नाना म्हणायचं. मी त्यांच्याशी बोलताना 'अहो' म्हणायची आणि दुसऱ्यांशी बोलताना 'हे'. नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं मला आईने सांगितलं होतं आणि नणंदेनेही सांगितलं होतं. लिहिताना सारखं 'हे' लिहिलं तर वाक्य कुठलं कुठे जाईल, म्हणून इथे नानाच लिहिते.

चिंचवड स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं पत्र्याचं दुकान होतं. मागे एक खोली, तेच घर. मध्ये गोणपाटाचा पडदा. मी गिऱ्हाइकांसमोर कधी गेले नाही. पाणी तापलं की तांब्या पडद्याखालून पुढे सरकवायची. माझा आवाजच निघत नसे. शेजारणीकडे काही मागायचं असलं तर तिच्या दारात जाऊन उभी राहायची, तिचं लक्ष जाईपर्यंत. पण पडद्याकडे कान देऊन भाकऱ्या थापता थापता मी नानांचं बोलणं रोज ऐकलं. त्यांची हजामत मी कधी पाहिली नाही, आवाज मात्र पाठ झाला.

लोकांना वाटायचं, ही मोहिनी आहे. कोणी म्हणायचं, नानांच्या डोळ्यांत काहीतरी आहे, बायकापोरांना तिकडे पाठवू नका. खरं म्हणजे नाना हे चाकणला शिकले. तिथल्या बाजारात एकदा तंबू लागला होता. काळा कोट घातलेले एक प्रोफेसर माणसांना समोर बसवून झोपवायचे आणि तऱ्हेतऱ्हेचे प्रकार करून दाखवायचे. आमची नणंद चाकणला दिलेली. तिच्याकडे राहून नाना रोज सकाळी त्या प्रोफेसरांची दाढी करायला जात आणि रोज खेळ बघत. एक दिवस प्रोफेसरांनी तिथल्याच कांद्याच्या आडत्याला मंचावर बसवलं आणि हातात कांदा देऊन, हा चिकू आहे, खा म्हणून सांगितलं. त्याने मिटक्या मारत सबंध कांदा खाल्ला. लोक हसून लोळले. दुसऱ्या दिवशी तोच आडत्या केस कापायला बसला तेव्हा नानांनी त्याला विचारलं, तुला खरंच चिकू वाटला का? तो म्हणाला, "चाकणचा मानूस मी, कांदा वळखनार न्हाई व्हय? कांदा हाय ते ठावं व्हतं. पर गोड लागत व्हता. आन् मलाबी तो गोडच लागाया पायजे व्हता."

नाना घरी आले ते हेच वाक्य घेऊन. जेवता जेवता मला पुन्हा पुन्हा सांगत होते. माणसाला फसवता येत नाही. त्याला सगळं ठाऊक असतं. पण त्याच्या मनाला हवं असेल तर मनच कडूचं गोड करून घेतं. आपण फक्त शेजारी बसायचं आणि त्याला तसं म्हणू द्यायचं. खेळ मात्र नानांनी कधी केला नाही. कोणाला कांदा खायला घातला नाही. दुखणाऱ्याचं दुखणं आणि न झोपणाऱ्याची झोप, एवढ्यासाठीच ते कपाळावर हात ठेवायचे.

त्यांची रीत एकच. आधी नावानं हाक मारायची. ते म्हणायचे, "भर बाजारात गलका चाललेला असतोय. पर कुनी आपलं नाव घेतलं की मान वळती. मनाचंबी तसंच हाय. नाव ऐकलं की ते वळून बघतं. वळलं की मग हळू बोलायचं. वळलंच न्हाई तर कितीबी वरडा, भिताडाला सांगितल्यागत."

पिंपरीला औषधाच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं तेव्हा सिदू नावाच्या गवंड्याला लोकांनी उचलून आणलं. पायात मोठा खिळा घुसलेला. तो गुरासारखा ओरडत होता. मी पडद्याआड उभी. नानांनी त्याला नावानं हाक मारली, मग पुन्हा मारली, अगदी त्याच्या घरच्यासारखी. मग म्हणाले, "दुखतंय ना? दुखू दे. पर हितं न्हाई दुखत. तिकडं नदीपल्याड दुखतंय. लांबनं नुसता आवाज येतोय." ओरडणं कण्हण्यावर आलं, मग तेही थांबलं, आणि खिळा निघाला. नंतर सिदू लोकांना सांगत असे, दुखलं खरं, पण दुसऱ्या कुणाला तरी दुखल्यासारखं.

एकदा गावातले एक मोठे शेतकरी आले. त्यांची नवी सून सांगवीची. माहेर नदीच्या काठाने चालत जाण्यासारखं, पण तिला जाऊ देत नसत आणि ती सारखी रडायची. ते नानांना म्हणाले, "हिच्या डोक्यातनं तेवढं म्हायेर काढा." नाना वस्तरा पट्ट्यावर लावत होते, तो आवाज थांबला. "दादा, मनाच्या घराला कडी आतनं असती," नाना म्हणाले. "मालकानं काढल्याबिगर कुनाला आत जाता येत न्हाई. आन् म्हायेर काढून टाकलं तर त्या पोरीत ऱ्हाईल काय?" ते उठून गेले. त्या घरचं कोणी पुन्हा आमच्या दुकानात आलं नाही.

माहेराबद्दलचं हे बोलणं मला पुढे स्वतःच्या अंगावर कळलं. मला पहिली मुलगी झाली ती गेलेलीच झाली. दूध आलं होतं आणि पाजायला कोणी नव्हतं. झोप तर पार उडाली. नाना माझ्याजवळ बसले, कपाळावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली. एरवी ते 'अगं' म्हणायचे. "सुशीला," म्हणाले. मी नुसती आढ्याकडे बघत राहिले. सुशीला हे लग्नात तांदळात लिहिलेलं नाव. त्या नावाने कोणी बोलावलं की माझ्यामागे कोणी चांगल्या घरची बाई उभी आहे असं मला वाटायचं. नानांनी पुष्कळ दिवस प्रयत्न केला. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हायेरी तुला काय म्हनायचे?"

मी सांगेना. ते नाव मागे टाकता आलं म्हणून लग्नात मला बरं वाटलं होतं. आईची आधीची मुलं जगली नव्हती. माझ्यावर तरी कोणाची नजर पडू नये म्हणून तिने माझं नाव चिंधी ठेवलं होतं. मी भिंतीकडे तोंड करून ते सांगितलं. नाना हसले नाहीत. माझी आई परसातून हाक मारायची तशी त्यांनी हाक मारली, "चिंधे."

माझं मन वळलं. कोणी खांद्याला धरून फिरवावं तसं मला ते कळलं. आधी मी पोटभर रडले. नाना म्हणत होते, पोरगी हाय, न्हाई कशी, पर आता ती नदीपल्याड आजीपाशी हाय. ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी झोपले. त्यानंतर ते नाव त्यांनी चारचौघांत कधी उच्चारलं नाही. माझा जीव फार घाबरला तरच, आणि तेही कानाशी.

पुढे ते मला चिडवायचे, "मी तुझं नाव घेतलं, तू माझं कधी घ्यायची?" मी पदराआड तोंड लपवायची. लग्नात उखाणा घेतला तो मला स्वतःलाही ऐकू आला नव्हता. त्यावर नाना म्हणायचे, "उद्या मलाच झोप येईना झाली तर? न्हाव्याला आपल्या मानंवरचं क्यास आपुन कापता येत न्हाईत." मी म्हणायची, दुसरा न्हावी बोलवीन.

मग त्यांचा आवाज बसू लागला. सगळे ते विड्या ओढण्यावर ढकलत होते. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी घशात गाठ आहे म्हणून सांगितलं, काही दिवस ठेवून घेतलं आणि घरी न्यायला सांगितलं. आवाज गेला तो गेलाच. काही दिवस नाना मुक्याने दाढ्या करत राहिले. बाकावर माणसं बसायची, पण खुर्चीत आता कोणाला झोप लागत नव्हती. नंतर हातातला वस्तराही थरथरायला लागला आणि मी खुर्चीवर फडकं टाकलं.

दुखणं फार होतं. औषधाचा असर सरला की नाना पाय घासायचे, पण घशातून ओरडणंही निघत नसे. सिदू गवंडी आला, त्यांच्या कपाळावर हात ठेवून बसला, आणि बोलायला तोंड उघडलं तर त्यालाच हुंदका फुटला. त्या दुपारी चाकणची नणंद आलेली, बाहेर बाकावर शेजारपाजारची माणसं बसलेली. नानांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या कपाळावर ठेवला. मला समजलं. पडद्यामागून ऐकलेलं सगळं मी हळूहळू म्हणायला लागले. अहो, पापण्या जड झाल्या असतील, नसल्या तरी काही बिघडलं नाही. नानांनी डोळे उघडले आणि मान हलवली. मी पुन्हा 'अहो' म्हणून सुरुवात केली. त्यांनी पुन्हा मान हलवली. 'अहो' काय, साऱ्या बायका म्हणतात. त्याने कोणाचं मन वळणार? त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण शब्द मला दिसला. हाक.

आईचे शब्द आठवत होते, आयुष्य कमी होतं. आणि माझ्या हाताखाली त्यांचं कपाळ दुखण्याने आवळलेलं होतं. मी नाव घेतलं. पहिल्यांदा ते ओठांतच राहिलं. दुसऱ्यांदा इतकं स्पष्ट निघालं की बाहेरचं बोलणं थांबलं.

नानांची मान वळली. भर बाजारात वळावी तशी. माझ्याकडे असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हणाले, "सकाळ झालीया. दुकान उघडलंया. पट्ट्यावर वस्तरा चाललाय, सप सप. आज खुर्चीत तुमी बसलाय. तुमची मान दुसरं कुनीतरी नीट करतंय. दुखतंय ना, ते नदीपल्याड. हितं न्हाई." त्यांच्या कपाळाची गाठ सुटली. ते झोपले.

पडद्यापलीकडून नणंदेचा आवाज आला, "नवऱ्याचं नाव असं वरडून घ्यायचं? जित्या मानसाचं?" मी कपाळावरचा हात तसाच ठेवला. त्या दिवसानंतर रोज दुपारी मी त्यांना नावानं हाक मारत गेले आणि रोज ती मान वळत गेली. एक दिवस मी हाक मारली आणि वळली नाही.

नणंद अजून म्हणते, तू बोलावून बोलावून माझ्या भावाला घालवलंस. तिचा भाऊ गेला आहे, तिला काय सांगायचं? आता कोणाचं आयुष्य कमी व्हायचं राहिलेलं नाही, तरी ते नाव मी इथे लिहिलेलं नाही. ते त्यांच्यासाठी होतं, त्यांनी ऐकलं, तेवढं पुरे.

झोप आता मलाही येत नाही. मी आपल्याच कपाळावर तळवा ठेवते आणि चिंधे म्हणून हाक मारून पाहते. मन वळून बघतं. हाक मारणारी मीच आहे हे त्याला दिसतं, आणि ते पुन्हा तोंड फिरवतं.