बाबांचा दर्यापूरचा रस्ता

भाऊबीजेला आमचे बाबा आम्हा दोघी बहिणींना सायकलवर बसवून अमरावतीहून दर्यापूरच्या पलीकडे आत्याच्या गावाला न्यायचे. मी पुढे दांडीवर, टोचू नये म्हणून खाली टॉवेलची घडी. ताई मागे कॅरियरवर, मांडीत फराळाचा डबा धरून. बाबा भाजी विकायचे. पहाटे बाजारातून पालक-मेथीची पोती आणणारी तीच काळी सायकल त्या दिवशी धुऊनपुसून चकाचक व्हायची.

ही गोष्ट आम्ही जन्मभर सांगत आलो. मी सासरी सांगितली, शाळेत शिकवायला लागल्यावर वर्गात सांगितली. पन्नास किलोमीटरच्या वर रस्ता, तोही तेव्हाचा, दोन पोरींना घेऊन एकटा माणूस पायडल मारत जायचा. ऐकणारे मान डोलवायचे आणि आम्हाला बाबा पुन्हा एकदा भेटायचे. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली.

ताई अकोल्याला मुलाकडे असते. तिला साखर निघाली आणि डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलं. आधी ती लाजली, मग तिला गोडी लागली. एके दिवशी तिचा फोन आला.

"बाबाच्या रस्त्यानं जाऊ एकदा. आत्याकडे राहू, मंग तिकूनच अकोल्याले. तू येतं का?"

मी अमरावतीतल्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. गुडघा कुरकुरत होता, पण नाही म्हणावंसं वाटलं नाही.

शाळेतल्या शेवटच्या वर्षांत प्रश्नपत्रिका काढायला मी मोबाइलवरच्या एआयची मदत घ्यायचे. त्यालाच विचारलं. साठीच्या दोन बायका, एकीला साखर, एकीचा गुडघा, अमरावती ते अकोला सायकलनं, मध्ये आत्याकडे मुक्काम, असं सगळं लिहिलं. पहिल्यांदा त्यानं बडनेरा-मूर्तिजापूरचा हायवे काढून दिला. मी फोनवर वाचून दाखवलं तर ताई म्हणाली की ट्रकांच्या रांगेत ती काही येणार नाही. मग त्यानं वलगाववरून दर्यापूरचा रस्ता दिला. एक दिवस चालवायचं, एक दिवस आत्याकडे आराम, तिसऱ्या दिवशी अकोला. सध्या एका दमात किती चालवता, असंही विचारलं. वलगावला सायकलनं जाऊन आले की दिवसभर आडवी होते, असं मी खरं ते सांगितलं. तेव्हा त्यानं महिनाभर सराव सुचवला, रोज थोडं थोडं वाढवत. मी नांदगाव पेठेपर्यंत जाऊ लागले. ताई अकोल्यात तिच्या बाजूनं फिरत होती.

वाटेतल्या गावांमध्ये हापशीवर बाटल्या भरून घ्या, असं त्या आराखड्यात होतं. मी लिहिलं की बाबा रे, हा खारपाणपट्टा आहे, इथल्या हापशीचं पाणी घशाखाली उतरत नाही. लगेच त्यानं चूक कबूल केली आणि पाण्याच्या जागा बदलल्या. वलगावला पुरेसं भरून घ्यायचं, पुढे फक्त विकतचं. तीस वर्षं नोकरी केली, पण चूक इतक्या चटकन कबूल करणारं शाळेत कोणी भेटलं नव्हतं.

खरी अडचण बाबांच्या रस्त्याची होती. मला आठवत होती नदी. चाकं पाण्यात आणि मी दांडीवर पाय वर घेऊन बसलेली. ताई म्हणायची की नदी नव्हतीच, कापसाच्या जिनिंगचं उंच धुराडं होतं आणि रस्ताभर सरकी सांडलेली. दोघी फोनवर इतक्या भांडलो की दोन दिवस बोललो नाही. शेवटी मी दोघींच्या आठवणी एआयसमोर ठेवल्या. त्यानं विचारलं की सकाळी ऊन कुठल्या अंगाला लागायचं. मी ताईला फोन लावला. ती म्हणाली, "पाठीवर. माही पाठ तापे." म्हणजे पश्चिमेकडे, दर्यापूरकडेच, एवढं नक्की झालं. पण वलगाववरून की भातकुलीकडून वळसा घालून, हे या आठवणींवरून सांगता येणार नाही, असं त्यानं साफ लिहिलं. त्या काळातलं कोणी असेल तर त्यांनाच विचारा, म्हणाला. तसं माणूस एकच उरलं होतं, आत्या. तिला फोनवर काही ऐकू येत नाही. जायलाच हवं होतं.

जानेवारीत ताई सायकल घेऊन अमरावतीला आली आणि आम्ही निघालो. वलगाव मागे पडलं, ऊन पाठीवर आलं आणि ताई गुणगुणायला लागली. दोन्ही बाजूंना हरभरा, मध्येच वेचणी संपत आलेला कापूस. खोलापूरच्या पुढे ताईला सीटवर बसवेना. सायकली आडव्या टाकून आम्ही बांधावर बसलो. शेतातल्या बायकांनी घाटे भरलेल्या हरभऱ्याची एक जुडी आणून दिली आणि कुठून आलो ते विचारलं. अमरावतीहून, असं सांगितल्यावर त्यातली एक म्हणाली, "सायकलनं? काहून, यष्टी बंद हाय का?"

ताई हसली आणि तिनं सगळी गोष्ट सांगितली. बाबा, दांडी, कॅरियर, फराळाचा डबा. त्या बायकांनीही मान डोलवली.

दुपार कलता कलता आत्याच्या दारात पोचलो. आत्या नव्वदीच्या घरात आहे, कमरेत वाकलेली, पण दृष्टी शाबूत. आम्हाला सायकलींसकट बघून ती ओट्यावरून उठलीच नाही, नुसतं बघत राहिली. आत्तेभावाच्या बायकोनं चहा केला. आता घरात जारचं पाणी येतं, त्यामुळे चहाला ती जुनी खारट चव नव्हती. मला उगीच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

ताईनं आत्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आत्या, बाबा आमाले कोन्या रस्त्यानं आने?"

"यष्टीनं," आत्या म्हणाली.

तिला नीट ऐकू गेलं नसावं, असं वाटून ताईनं पुन्हा विचारलं. आत्या जरा चिडली.

"ऐकू आलं मले. यष्टीच्या टपावर सायकल बांधून आने थो. दर्यापूरले उतरे, अन् तितून तुमा दोघीले बसवून घरी ये. तू तं यष्टीत उलट्या करे दरवर्षी."

हे शेवटचं ताईला उद्देशून होतं.

मग आत्यानं आपण होऊन सांगितलं की दर्यापुरातच जिनिंगचं धुराडं होतं आणि तिथून पुढे नदी. दोन्ही होतं, एकामागून एक. आणि एवढा खटाटोप कशाला, असं तिनं एकदा भावाला विचारलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "यष्टीतून सारेच येतात. माह्या पोट्ट्या सायकलवर आल्या पायजे."

ताई उठून मागच्या अंगणात गेली. थोड्या वेळानं मीही गेले. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. माझ्या मनात मात्र काहीतरी निसटल्यासारखं झालं होतं. इतकी वर्षं जो माणूस मी वर्गात पोरांसमोर उभा केला, तो पन्नास किलोमीटर पायडल मारणारा होता. आता तिथे एक भाजीवाला दिसत होता, भाऊबीजेच्या गर्दीत कंडक्टरच्या विनवण्या करून सायकल टपावर चढवणारा. एक पोरगी खिडकीतून ओकतेय, दुसरी झोपलेली. दर्यापूरला उतरून दोघींची तोंडं धुवायची, फ्रॉक झटकायचे, दांडीवर टॉवेल घालायचा, आणि मग बहिणीच्या गावात ऐटीत शिरायचं. संध्याकाळ होईपर्यंत मला हा दुसरा माणूसच जास्त आपला वाटायला लागला.

दुसरा दिवस आत्याजवळ बसून गेला. मी एआयला झालेली गोष्ट लिहिली. त्यानं वडिलांबद्दल दोन ओळी चांगल्या लिहिल्या आणि विचारलं की आता पुढचा बेत तसाच ठेवायचा की बदलायचा. आत्तेभाऊ तर टेम्पोतून अकोल्याला सोडायला तयारच होता. मी ताईकडे बघितलं. ती चाकात हवा बघत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हैसांगच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता बाबांचा नव्हता, कोणाच्याच गोष्टीतला नव्हता. आराखड्यात लिहिलेल्या थांब्यावर मी ब्रेक दाबला, पण ताई थांबली नाही. एवढी मोठी माझी बहीण, पदर कमरेला खोचून सपासप पुढे निघाली होती. गुडघ्याला समजावत मी तिच्या मागे गेले.

अकोल्यात तिच्या फाटकाशी उतरलो तेव्हा दोघींना धाप लागली होती. नातवंडं पाणी आणायला आत पळाली. ताई सायकलच्या सीटवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "आपन पुरा रस्ता चालवला, बाबाले सांगाले पायजे होतं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ घामानं भिजली होती आणि उन्हानं तापली होती.