चाकातली हवा

मोबाईलवर आज माझ्या सायकलचा वेग दिसला, ताशी बारा, म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटं, आणि सेलूचा रस्ता आठवला. बाबा सायकलने कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचे. सुट्टीत मी कॅरिअरवर बसून, त्यांचं घड्याळ धरून, किलोमीटरच्या दोन दगडांमधली मिनिटं मोजायची. नेहमी चार लागत; जास्त लागली तर बाबा हरले, असा आमचा खेळ. त्यांच्या शेवटच्या सकाळी पाच लागली, मग सहा. वारा नव्हता, रस्ता सपाट होता. माझ्या गालाला त्यांचा घामेजला शर्ट थंडगार लागत होता. तो घाम कशाचा, हे आता कळतं.

"बाबा, काऊन हळू चालवून राह्यले?"

"चाकात हवा कमी हाय वं. तू मोज."

ते पाणी प्यायला उतरले, तेव्हा मी मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं. टणक होतं.

"बाबा, आज तुम्ही हरले!" मी हसत ओरडले.