बारा बटणांचा बोर्ड

आमच्या हॉलमधल्या बोर्डावर बारा बटणं आहेत. तीस वर्षांत मला पंख्याचं बटण पहिल्या फटक्यात सापडलेलं नाही. मी पंखा लावायला गेलो की शेजारच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडते, असं बायको सांगते.

काल लेक माहेरी आली. तिसरा महिना, तपासणीचा रिपोर्ट आज यायचा, म्हणून काळजीत. कॉलेजात जीवशास्त्र शिकवते ती.

"बाळाचा मेंदू आत्ताच घडतोय, बाबा. जनुकं सगळ्या पेशींत तीच. कुठलं कधी चालू, कधी बंद, यावर सगळं. एखादं चुकलं तर?"

मी बोर्डाकडे पाहिलं. इथे बारांत माझी ही दशा, आणि तिथे लिंबाएवढ्या जिवात, गच्च अंधारात, हजारो बटणं आपापल्या वेळी लागतायत.

"घाबरू नकोस," मी म्हणालो, "तिथे बटणं दाबायला मी नाहीये."

"तेवढाच काय तो आधार," म्हणत ती खुदकन हसली.

त्याच भरात मी हात मारला आणि पहिल्या फटक्यात पंखा लागला. पहाटे गारठा पडला. शालीत कुडकुडत बायको उठली, "अहो, बंद करते हा."

अंथरुणातून जीवशास्त्र म्हणालं, "रिपोर्ट येईपर्यंत राहू दे गं, आई."