विहिरीतली प्रॉक्सी

रामहरी नेमकी कसली नोकरी करतो, हे अजिंठ्यात कोणालाच धड सांगता येत नसे. कोणी म्हणे टॉवरवर, कोणी म्हणे कंपनीत. त्याच्यासाठी मुली बघणारा मामा तर "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं बोलून पुढचा प्रश्न यायच्या आत चहा मागवत असे.

काम तसं साधं होतं. शहरातली, गारखेड्याची एक छोटी कंपनी या बाजूच्या गावांना टॉवरवरून इंटरनेट पुरवायची. शाळा, दवाखाना, दुकानं, जिथं जिथं कनेक्शन तिथं तिथं एक छोटासा प्रोग्राम बसवलेला. लाइन किती वेगात चालते, कुठं अडखळते, हे तो दिवसभर मोजत राही. ही मोजमापं थेट शहरात धाडावीत, तर वारं सुटलं की शहराची लाइनच तुटायची आणि बिघाडाच्या वेळची माहिती नेमकी हरवायची. म्हणून मध्ये, अजिंठ्याच्या टॉवरखाली, एका कॉम्प्युटरवर प्रॉक्सी ठेवली होती. पडद्याआड अखंड चालणारा हा प्रोग्राम सगळ्यांचं ऐकून घेई, लाइन तुटली तर सांभाळून ठेवी आणि लाइन आली की शहरात पोचवी. त्या प्रॉक्सीची राखण म्हणजे रामहरीची नोकरी. सिल्लोडच्या कॉलेजात त्यानं मित्रांच्या हजेऱ्या इमानेइतबारे लावल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्याच्या वतीनं बोलणं त्याला नवं नव्हतं.

टॉवर उभा होता त्याच्याच आईच्या रानात, विहिरीला लागून. प्रॉक्सी पत्र्याच्या शेडमध्ये आणि शेडला कूलर. घर जवळ, आई जवळ, मेंढरं जवळ. रामहरीला याहून जास्त काही नको होतं, आणि हे मामाला कधीच कळलं नाही.

मग सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं. विहिरीनं तळ दाखवला आणि गावात टँकर येऊ लागला. त्याच्या आईच्या, बानाबाईच्या घरात पाण्याचा कायदा पिढीजात होता. आधी मेंढरं, मग माणसं. पाव्हणा आला तरी त्यात बदल नाही. कूलर या कायद्यात कुठं बसतो हे कोणी ठरवलेलं नव्हतं. एके दिवशी टँकरवरून भरलेला हंडा घेऊन रामहरी शेडकडे वळला, तेव्हा रांगेत रिकामा हंडा घेऊन उभ्या असलेल्या कडूबाईनं त्याच्याकडे बघितलं. रामहरी तसाच वळला आणि तो हंडा त्यानं मेंढरांच्या डोणीत रिकामा केला.

त्यानंतर कूलर कोरडाच फिरू लागला. दुपारी पत्रा तापला की कॉम्प्युटर गरम होऊन आपोआप बंद पडे आणि उन्हं कलल्यावर रामहरी तो पुन्हा सुरू करी. मधल्या वेळात गावोगावचे प्रोग्राम बोलत असत, पण ऐकायला कोणी नसे. शहरातल्या पडद्यावर मात्र रोज दुपारी अजिंठ्याकडची सगळी गावं मेल्यासारखी दिसत. लाइन तर ठणठणीत होती! पण हे ऑफिसला सांगायचं कोणत्या तोंडानं? पाणी घालायला लाज वाटते म्हणून कंपनीचं यंत्र बंद पडतं, असं सांगणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नसता.

शेवटी चारुता मॅडमचा फोन आला. ऑफिसात या सगळ्या मोजमापांवर तीच लक्ष ठेवायची. औरंगपुऱ्यातल्या जुन्या घरची मुलगी, बोलणं मऊ, पण आडपडदा नाही.

"रामहरी, साहेब प्रॉक्सी गारखेड्याला हलवायचं म्हणतायत. रोज दुपार हरवण्यापेक्षा वाऱ्यात कधीतरी हरवलेलं परवडलं म्हणे. तुम्हीही इकडेच या. रोज नवी इमारत उभी राहतेय, काम भरपूर आहे."

मामाला आभाळ ठेंगणं झालं. बानाबाई काठीला टेकून शांतपणे म्हणाली, "जा की. सारे जाऊ लागले. म्या हाये अन् माही मेंढरं हायती." तिनं अडवलं असतं तर रामहरी भांडला असता. ती जा म्हणाली, आणि तो मेंढरं मोजत बसला.

निर्णयाआधी एकदा जागा बघावी म्हणून चारुता स्वतः आली. शेडमध्ये शिरताच तिनं कूलरमध्ये डोकावलं.

"बिघडलाय का?"

"नाय मॅडम. चालतो."

"मग पाणी?"

रामहरी पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. दारातून बानाबाईच बोलली, "पाणी नाय घालत त्यो. लाजतो. गाव उभा ऱ्हातो टँकरला, अन् हा मशीनला पाजंल व्हय?"

चारुता हसली नाही. "आमच्या गल्लीतही टँकरच येतो, आजी," ती म्हणाली. मग कूलरचं झाकण लावत, "पण साहेबांना आलेखातली दुपारची भोकं दिसतात, कारणं नाही दिसत. यंत्राला गारवा तर हवाच. इथं गार जागा आहे तरी कुठं?"

तिनं हे आपलं वैतागून म्हटलं होतं. बानाबाईनं मात्र सरळ काठीनं विहीर दाखवली. आत उतरायला पायऱ्या होत्या, निम्म्यावर पूर्वी मोटर ठेवायचा दगडी ओटा होता आणि दुपारी बानाबाई अशक्त कोकरं घेऊन तिथंच बसायची. चारुता खाली उतरली, कोकरं सरकवून ओट्यावर बसली, घाम टिपला.

"एवढं गार आमच्याकडे फक्त बँकेत लागतं," ती म्हणाली. "मोटरची वायर अजून जिवंत आहे?"

संध्याकाळपर्यंत प्रॉक्सी, कॉम्प्युटरसकट, विहिरीतल्या ओट्यावर बसली. जाताना चारुतानं बजावलं, "ऑफिसात मी तळघर म्हणून सांगते. पण यानंतर भोक पडलं, तर साहेब माझंही ऐकणार नाहीत."

सगळा उन्हाळा आलेख अखंड राहिला. कोकरांनी वायर चावू नये यासाठी रामहरीला डोळ्यांत तेल घालून बसावं लागे, एवढाच त्रास. मामानं मुलीकडच्यांना "तळघरातलं ऑफिस" सांगून पाहिलं. ते चहासुद्धा न घेता उठले.

आणि एका दुपारी कोकरं ओटा सोडून वरच्या पायरीवर गोळा झालेली दिसली. रामहरीनं खाली बघितलं. रात्री डोंगराकडं कुठंतरी पाऊस कोसळला असावा. रानात थेंब नव्हता, पण विहिरीच्या कपारीतून झरा फुटला होता आणि पाणी ओट्याच्या दिशेनं चढत होतं. तो धावत उतरला. प्रॉक्सी बंद केली तर भोक पडणार, भोक पडलं तर गारखेडा. बटणावर बोट ठेवून तो क्षणभर थांबला. मग त्यानं ती बंद केली, वायरी सोडवल्या आणि यंत्र छातीशी धरून वर आला.

फोन वाजलाच. "रामहरी, प्रॉक्सी बंद पडली? साहेब समोर बसलेत माझ्या!"

"म्या केली बंद, मॅडम."

"कशासाठी?"

त्यानं फोन विहिरीवर धरला. तोवर काठावर आलेल्या बानाबाईनं सोडलेली बादली खाली पाण्यावर आपटली आणि तो आवाज गारखेड्यापर्यंत गेला. पलीकडून चारुताचा आवाज आला, पण त्याच्यासाठी नव्हता. "साहेब, ते तळघर म्हणजे अजिंठ्याची विहीर आहे, आणि तिला पाणी लागलंय." आणि मग, "रामहरी, शेडमध्येच लावा पुन्हा. सावकाश लावा. साहेब राहू दे म्हणतायत."

पहिली बादली बानाबाईनं डोणीत ओतली. मेंढरांनी माना घातल्या. दुसरी तिनं ओढून वर घेतली, काठावर टेकवली, ओला हात तोंडावरून फिरवला. स्वतः घोट न घेता ती बादली उचलून शेडकडं निघाली आणि तिनं ती कूलरमध्ये ओतली.