बाबांची नऊ मिनिटं

यवतमाळकडच्या आमच्या गावाहून मी पुण्याजवळ वाघोलीच्या कॉलेजात शिकायला निघालो, तेव्हा बाबा ट्रॅव्हल्सच्या खिडकीखाली उभं राहून बोलत होते. इंजिन सुरू, म्हणून आवाज टिपेचा. "पोट बिघडलं त इसबगोल घेजो! चड्ड्याइवर नाव टाकून देल्लं हाय, कोनी नेनार नाई!" चड्ड्यांची ही बातमी अख्ख्या गाडीला कळली. मी काच ओढून घेतली. बाहेर बाबांचे ओठ हलतच राहिले.

हे मी गावात राहिलेल्या तुमच्यासाठी लिहितोय, आणि माझ्यासारखं पुण्यात येऊन 'काऊन'चं 'का बरं' करून घेतलेल्या तुमच्यासाठीही. मी ते फार लवकर केलं. दुसऱ्या वर्षी मेसच्या मावशींना 'अहो, जरा आमटी वाढता का' म्हणालो, तेव्हा त्यांनी वळून माझ्यामागे कोण उभं आहे ते बघितलं होतं.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, धायरीत फ्लॅट घेतला. बायको अश्विनी मूळची इथलीच. मुलीच्या गॅदरिंगसाठी एकदा घरच्या कॉम्प्युटरवर गाणं कापून दिलं आणि सोसायटीत मी गाणी कापणारा म्हणून प्रसिद्ध झालो. कुणाला नाचासाठी एकच कडवं हवं, कुणाला आजोबांच्या भाषणातला फक्त आशीर्वाद. काम सोपं. पडद्यावर आवाजाची निळी रेघ दिसते. माणूस बोलला की डोंगर, गप्प झाला की सपाट माळ. माळ कापायचे, डोंगर जोडायचे. सरावानं मी ऐकायचंच सोडलं होतं. नुसतं बघून कापायचो, आणि त्याचा मला गर्वही होता.

वास्तुशांत ठरली तेव्हा बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. प्रवास बंद. आमच्या घरची रीत अशी, की नव्या घरात सगळ्यात मोठ्या माणसानं चार शब्द बोलायचे आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची. नाव घेतलं की ती माणसंही उंबरा ओलांडून आत येतात, असं आमच्याकडे मानतात. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. बाबांनी आपलं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं. चार शब्द नऊ मिनिटांचे होते.

पहिली दोन मिनिटं मी ऐकली. त्यात कोंबडा आरवत होता, बाबा खाकरत होते, आणि मी आठवीपर्यंत अंथरूण ओलं करायचो हे सांगून झाल्यावर माझी फी भरायला विकलेल्या बकरीचा विषय निघाला होता. मला समोर जोशीकाका दिसले. हे आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी. ते कधी हसत नाहीत, फक्त "अस्सं?" म्हणतात. मी कात्री चालवली. अंथरूण, बकरी, कोंबडा सगळं गेलं. उरलेल्या सात मिनिटांतले माळ नजरेनंच उडवले आणि सगळ्यात उंच डोंगर तेवढे ठेवले. पन्नास सेकंदांचा नेटका आशीर्वाद तयार झाला.

पूजा आटोपल्यावर तो स्पीकरवर लावला. बाबा व्हिडिओ कॉलवर होते, नवं धोतर नेसून, मान पुढे काढून ऐकत होते. संपल्यावर जोशीकाका म्हणाले, "वडील मोजकं बोलतात हो तुमचे. आपल्याकडचेच वाटतात." आणि मला, काय सांगू, बरं वाटलं.

फोनवर बाबा म्हणाले, "तुह्या मायचं नाव नाई आलं रे ऐकू. नेटवर्क गेलं असन तिकडचं."

"हो बाबा," मी म्हणालो, "नेटवर्कच."

पाहुणे जेवायला बसले तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन कानात इअरफोन घालून मूळ रेकॉर्डिंग लावलं. आजोबांचं, आजीचं नाव बाबांनी खणखणीत घेतलं होतं. सहाव्या मिनिटाला ते थांबले होते. मग इतक्या हळू, की रेघ जेमतेम थरथरली होती: "सुमन, पोराचं घर झालं वं. ये तू बी."

अश्विनी मठ्ठ्याचं पातेलं शोधत आत आली. मी तिला इअरफोन दिला. ऐकून ती एवढंच म्हणाली, "गाणी कापायला येतात तुला. ऐकायला कधी शिकणार?"

चार दिवस धीर झाला नाही. पाचव्या दिवशी फोन केला. "बाबा, नेटवर्क नव्हतं गेलं. मी कापलं."

"मायचं? मुद्दाम?"

"नाही हो. तुम्ही हळू बोललात. कॉम्प्युटरवर रेघ सपाट दिसली. मला वाटलं, तुम्ही गप्प आहात."

"आन बकरी? ते त मोठ्यानं सांगतलं व्हतं मी."

"ती मुद्दाम."

बाबा एकदा खाकरले. मग म्हणाले, "हाव. बकरीचं समजू शकतो."

त्या रविवारी जोशीकाकांसकट सगळ्यांना चहाला बोलावलं आणि नऊच्या नऊ मिनिटं लावली. अंथरुणाशी जोशीकाका पहिल्यांदा हसले. सहाव्या मिनिटाला मी आवाज पूर्ण वाढवला. कुणी कप खाली ठेवला नाही. आई आली की नाही, मला ठाऊक नाही. आधी बोलावणं कापून मग दार उघडणाऱ्याकडे माणूस येत असेल का, हेही ठाऊक नाही. पण घर आता कुठे आहे असं कुणी विचारलं, तर मी धायरी म्हणत नाही आणि गावाचंही नाव घेत नाही. माझ्या फोनमध्ये सहाव्या मिनिटाशी ते आहे, एवढंच मला समजतं.

एक मात्र माझ्यामुळे कायमचं बिघडलं. आयुष्यभर बाबांनी आईला चारचौघांत कधी नावानं हाक मारली नाही. घरातही तिचं नाव कुजबुजल्यासारखं घ्यायचे. आता ते रेकॉर्ड करून पाठवतात त्या प्रत्येक निरोपात ते नाव आलं, की ते थांबतात, घसा साफ करतात, आणि रेघेवर डोंगर उठावा म्हणून ओरडतात, "सुमन!"