लाला फातिमाची बरणी

त्या फेब्रुवारीत स्कारबरोला एकाच आठवड्यात तिसऱ्यांदा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला आणि बेसमेंटमध्ये येऊन थेट मोरोक्कोचं तिकीट काढलं. रूममेट सोनल ओरडलीच, "अगं, माणसं क्युबाला जातात!" पण मॉन्ट्रियल-कासाब्लांका स्वस्तात मिळत होतं. विषय संपला.

अगादीरहून डोंगरातल्या ताफ्रौत गावाला मोजक्याच बस आहेत. सकाळचीच पकडा, आणि उलटीची गोळी घ्या, रस्ता नुसता वळणांचा. गुलाबी खडक, त्यांत फुललेले बदाम. एका थांब्यावर मी फोटो काढत बसले नि बस जवळजवळ गेलीच होती.

गेस्टहाऊस म्हणजे एका बर्बर, म्हणजे तिथल्या मूळच्या जमातीतल्या, जोडप्याचं दगडमातीचं जुनं घर. हसनकाका (हे काका माझ्या मनातलं) आणि त्यांची बायको लाला फातिमा. लाला म्हणजे आपल्या ताईसारखं. वरची खोली, नीट न लागणारी निळी खिडकी, फटीत कागदाची घडी. नाश्त्यासकट वीस डॉलरच्या आत. स्वेटर मात्र न्या. नाश्त्याला गरम रोटी आणि आमलू: भाजलेले बदाम जात्यावर दळून त्यात मध नि आर्गन या तिथल्या झाडाच्या बियांचं तेल. दोन दिवसांसाठी गेलेली मी आठवडाभर हलले नाही.

निघताना लाला फातिमाने आमलूची बरणी पुढे केली. त्यांचा मुलगा ब्राहिम मॉन्ट्रियलला. तिथे राहायचे पेपर्स झाले नव्हते, त्यामुळे कित्येक वर्षांत घरी आला नव्हता.

"फोनवर म्हणतो, नीट जेवतो," हसनकाका तिचं बोलणं मोडक्या इंग्रजीत सांगत होते. "ती म्हणते, तुझ्यासमोर खायला लाव. लहानपणी झाकणसुद्धा चाटायचा. मग तिला खरं काय ते कळव."

माझी आई पुण्याहून मेतकूट असंच कुणाकुणाच्या बॅगेतून पाठवते. नाही कसं म्हणणार?

मॉन्ट्रियलच्या मेट्रो स्टेशनवर ब्राहिम आला तो कामाच्या बुटांतच. गालफडं बसलेली. "मेर्सी, मेर्सी," म्हणत बरणी घेऊन निघालाच.

"थांब रे! माझ्यासमोर खायचंय. ऑर्डर आहे आईची."

हसला. कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्रेड आणला, बाकावर बसला. पहिला घास खाल्ला. दुसरा तोडता तोडता म्हणाला, "वरच्या खोलीत होतीस? खिडकीत अजून कागद आहे?"

"आहे."

"मीच लावलाय तो." मग झाकण उलटं करून त्याने चाटलं.

स्कारबरोला परतल्यावर बूटही न काढता कॉलिंग कार्ड खरवडलं आणि ताफ्रौतला फोन लावला. त्याची हाडं दिसतात हे सांगावं की नाही, बसमध्ये सगळा वेळ तेच डोक्यात. पण लाला फातिमाने एवढंच विचारलं, "झाकण?"

"चाटलं."

ती खूप वेळ काहीतरी बोलत राहिली. हसनकाकांनी त्यातलं काहीच इंग्रजीत सांगितलं नाही.

अजूनही फेब्रुवारीत बेसमेंटच्या खिडकीतून वारा शिरला की मी फटीत कागदाची घडी सारते.