पाण्याच्या मशीनची किल्ली

आमच्या पार्कातल्या पाण्याच्या मशीनची किल्ली ज्याच्याकडे असते, त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आता विचारणारही नाही. पांढरे बूट, कानटोपी, आणि बोटाभोवती गरगर फिरणारी ती किल्ली.

मागच्या गल्लीतली पोरं बोअरच्या पाण्याने सारखी आजारी पडायची. वस्तीच्या आरोग्यासाठी कुठल्याशा कंपनीने छोटंसं अनुदान दिलं, त्यातून हे पाणी शुद्ध करायचं मशीन आलं. बसलं मात्र पार्कात, आणि या गृहस्थाने त्याला कुलूप घातलं. सकाळी फिरायला येणारे बाटल्या भरून नेतात. मागची गल्ली अजून बोअरचंच पिते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला त्याने मशीनला विभूतीचे पट्टे ओढले, झेंडूचा हार घातला आणि कुंकू भरलेला कोहळा समोर फोडला. मागच्या गल्लीतली झाडूवाली ते लाल तुकडे गोळा करत होती. ऊन चढलं होतं.

"अण्णा, स्वल्प नीरु कोडी," तिने इथल्या कानडीत हळूच थोडं पाणी मागितलं.

किल्ली फिरायची थांबली. तिला कळू नये म्हणून तो मला मराठीत म्हणाला, "फुकट दिलं की या लोकांना किंमत राहत नाही हो."

आपली भाषा इथे घरातच बोलतात. ती त्याने यासाठी बाहेर काढली.

"मशीन तरी कुठे विकत आणलंय?" मी म्हणालो.

त्याने किल्ली लावली. कुलूप उघडलं, तांब्या भरला आणि मशीनच्या पायरीवर उडालेलं कुंकू त्या पाण्याने धुऊन काढलं.

पाणी वाहत तिच्या पायाशी आलं. तिने ते झाडूने गटारात लोटलं.